गणित सोडण्याचा अर्ज

नालवाडी, मंगळवार, १८ जुलै १९७८

उच्च गणित सोडून सामान्य गणित घेते, असा अर्ज आज गणिताच्या सरांना द्यायचाच, असं ठरवून शाळेत गेले होते. नववीच्या त्या वर्गात मी एकटीच मुलगी. मला त्यात घ्यावं म्हणून सर हेडमास्तरांशी भांडले होते, म्हणून लाज वाटत होती. पण खरं काय? मी प्रमेयं कवितेसारखी पाठ करते. त्रिकोणाची अक्षरं बदलली की पुढची ओळच सुचत नाही.

मी तोंड उघडायच्या आतच सर म्हणाले, "बरं झालं आलीस. आठवीतल्या दोन मुलींनी पुढच्या वर्षी उच्च गणितासाठी नावं दिली. तुझ्याकडे पाहून!" इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अर्ज वहीतच राहिला.

संध्याकाळी घरी मामाला सांगून पाहिलं.

"पास होऊन राह्यली ना तू?"

"हो."

"मंग सोडून काऊन राह्यली? तुह्या बाबाले काय सांगू मी?"

पाठ करून पास होते, हे त्याला कसं सांगणार? अक्षरं बदलली की संपलं, हे त्याला कळेल तरी का?

एक गोष्ट मात्र मामापासून लपवली. रविवारी त्या दोघींना थोडी भूमिती समजावून सांग, असं सर म्हणाले आणि मी हो म्हणून आले. पोरी हुशार आहेत. त्या 'असं काऊन?' म्हणून विचारतील, आणि नेमकं ते 'का'च मला आजवर कळलेलं नाही.