बैठकीतला कापूस

वडनेर, १८ जानेवारी १९९८

ती. सौ. प्रमिलाबाई हिस,
धाकट्या लक्ष्मणचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. कापूस यंदा बरा झाला. भाव चढेपर्यंत विकायचा नाही, म्हणून बैठकीत आढ्यापर्यंत भरला आहे. आम्ही स्वयंपाकघरात निजतो. तुझी भावजय नलू रोज विचारते, हे घर माणसाईचं हाय का कापसाचं? सध्या कापसाचं, असं मी सांगतो.

आमच्या अंकुशसाठी तू सुचवलेल्या मोहिनीचे आईवडील घर पाहायला येणार म्हणतेस, तर जरूर पाठव. तेवढ्यापुरता कापूस हलवा, असं नलूचं मत. पण भरलं घर पाहिलं की मुलीच्या बापाचा जीव निवतो. मी तर शेजारच्या रूपरावचाही कापूस मागून आणून गंजी वाढवली. पाहुण्यांना तिच्यावरच चादर टाकून बसवीन. एवढी मऊ गादी कारंज्यात तरी आहे का?

लोभ आहेच, त्याला ओल लागू देऊ नये.
तुझा लक्ष्मण

कारंजा (घाडगे), ६ फेब्रुवारी

चि. लक्ष्मण यास अनेक आशीर्वाद.

गादी मऊ होती, यात शंका नाही. मोहिनीचे वडील प्रभाकरराव एस.टी.तून उतरले ते खांबाला पाठ घासतच. तिची आई शोभाबाई माझ्या दारात मान खाजवत उभी. म्हणे, काऊन वो बाई, तुमच्या माहेरी कोनाले कातडीचं दुखनं तं नाई? साठवलेल्या कापसाची खाज आहे, जाईल, असं मी परोपरीने सांगितलं. तिला पटेना. म्हणे, आमचं कापडाचं दुकान, कापूस का आमाले मालूम नाई? जन्मभर त्यांनी कापूस मीटरने मोजला. त्यावर बसले कधी नव्हते.

बोलणं थांबलं आहे. शेतकरी म्हणून अंकुशला आधीच नकार येत होते. ही एक मुलगी आपण होऊन शेतकऱ्याच्या घरी यायला तयार होती. आता तरी बैठक मोकळी कर.

आशीर्वाद आहेतच, थोडी अक्कलही असावी.
प्रमिला

वडनेर, १६ फेब्रुवारी

ती. बाईस, शि. सा. नमस्कार.

पडत्या भावात कापूस देऊन टाकला. रूपरावचा त्याला परत केला. भिंतींना चुना दिला. अंकुश माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलला: बाबा, आता त्या कापसाशीच माह्यं लगन लावून देता का? आता तीही सोय राहिली नाही.

राग धरू नये.
लक्ष्मण

कारंजा (घाडगे), २ मार्च

चि. लक्ष्मण यास आशीर्वाद.

घाईत लिहिते. प्रभाकरराव सेवाग्रामला दाखवून आले. डॉक्टरांनी पाठ पाहताच विचारलं म्हणे, कापसात लोळले होते का? दुखणं नाही हे कळल्यावर त्यांना तुझी गंजी नव्याने आठवली. एवढा माल घरात धरून बसणारा माणूस भक्कमच, असं ते बाजारभर सांगत सुटले आहेत. येत्या रविवारी मोहिनीला आणि स्वतःच्या थोरल्या भावाला घेऊन ते कापूस दाखवायला तुझ्याकडे येताहेत. आता तूच बघ.

प्रमिला

वडनेर, ११ मार्च

ती. बाईस, शि. सा. न. वि. वि.

आले. थोरले भाऊ बैठकीभर फिरले, आढ्याकडे पाहिलं, मग विचारलं, कापूस कुठी हाय? विकला म्हटलं. सगळा तुमचाच होता का, असं विचारल्यावर मी खरं सांगून टाकलं, की थोडा रूपरावचा होता. प्रभाकररावांनी मान खाली घातली. नलू चहा घेऊन दारातच थांबली.

तेव्हा मोहिनीनेच अंकुशला विचारलं, एवढ्या पडत्या भावात काऊन विकला? तो म्हणाला, तुमच्या आईबाबांच्या पाठी लाल झाल्या म्हणून. ती हसली. परक्याच्या पाठीसाठी नुकसान सोसणारं घर मला चालेल म्हणाली. मात्र ही बैठक माणसांचीच राहावी, ही तिची अट. मी सगळ्यांसमोर शब्द दिला. वैशाखात लग्न.

तुझाच आशीर्वाद.
लक्ष्मण

वडनेर, १० जानेवारी १९९९

ती. बाईस, शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीला ये, पण निजायला ओसरीच मिळेल. यंदा भाव पडले आहेत, आता विकू नका, असं सांगून सूनबाईने बैठकीत आढ्यापर्यंत कापूस भरला. मी शब्दाची आठवण दिली, तर म्हणते, शबद तुमी देल्ला होता मामाजी, म्या नाई.

काल प्रभाकरराव लेकीच्या पहिल्या संक्रांतीचा तिळगूळ घेऊन आले होते. आत या म्हटलं, पण त्यांनी अंगणातच, उभ्यानेच चहा घेतला.

लक्ष्मण