बारच्या उद्घाटनाला चकल्या

फेल्डहोवन, नेदरलँड्स, रविवार

प्रिय आई,
तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

आमच्या शेजारच्या जपानी हिरोकोने घरी बिअर बनवता बनवता आता स्वतःचा बार थाटलाय. काल उद्घाटनाला गेलो होतो. मी लिंबू सरबतच प्यायले. तुझ्या जावयाचं, सुदर्शनचं, विचारू नकोस.

शुभकार्याला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तुझ्या भाजणीच्या चकल्यांचा डबा नेला. बाकी सगळे हात हलवत आलेले! मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. पण बघता बघता डबा फस्त. हिरोको म्हणाली, "दर शुक्रवारी करून देशील? रीतसर पैसे देईन."

वर्षभर दर फोनवर तू कामाचं विचारायचीस आणि मी विषय बदलायचे. मिळालं गं!

बाबांचा गुडघा कसा आहे? पाच किलो भाजणी पाठव. एवढी कुणासाठी, असं त्यांनी विचारलं तर आता तू विषय बदल.

तुझीच,
ज्ञानदा