कमलाक्षीचा दम आणि माझा संयम

२२ ऑक्टोबर १९९६, मंगळवार

आजपासून कोणावरही हात उचलायचा नाही. कालचा कंपाउंडर शेवटचा.

ऑफिसातला वेंकटरमण म्हणतो, राग आला की वहीत लिहून काढा सार, आपोआप उतरतो. म्हणून ही वही. देवनागरीत लिहितोय. घरात बायको आणि मुलगी दोघींनाही ती वाचता येत नाही, बोलतात मराठी, पण लिपी तमिळच काय ती येते. तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं. कमलाक्षीला तीन वर्षं दमा आहे. तिचा दमा मी बरा करणार. आतापर्यंत चार डॉक्टर झाले, चौघांशीही माझं पटलं नाही. त्यात माझी चूक नाही. चौघेही उद्धट होते, हा योगायोग.

काल पाचवा. डॉ. भरद्वाज, छातीचे स्पेशालिस्ट, नवीन क्लिनिक. वय कॉलेजातल्या पोराएवढं. त्याच्या कंपाउंडरने भर रांगेत हाक मारली, "दमा केस, आत या." आमचे पूर्वज तंजावरच्या मराठी फौजेत घोडेस्वार. त्या घरची सून म्हणजे केस? मी फक्त कॉलर धरली. बटण आपणहून माझ्या हातात आलं.

डॉक्टर कमलाक्षीला विचारत होता, उत्तरं मी देत होतो. तिला बोलताना धाप लागते, आणि लाजाळूही आहे. घरात धूर होतो का? मी म्हटलं, चौऱ्याऐंशीपासून गॅस आहे आमच्याकडे. सिगरेट? सात पिढ्यांत नाही. तो पुन्हा तिच्याकडेच बघून म्हणाला, "अम्मा, तुम्ही सांगा." ती माझ्याकडे बघायला लागली. अर्थात.

पंप लिहून दिला. तोंडात धरून ओढायचा. एकदा तोंडाला लागला की जन्मभर सुटत नाही म्हणतात. वेंकटरमणच्या मामांना लागला होता, त्यातच गेले. वय एक्क्याण्णव.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज तेलाच्या न्हाण्याचा दिवस. आमच्या घरी शुक्रवारी बायका न्हाल्या की केसांना साम्ब्राणीचा, म्हणजे उदाचा, धूर देतात. पूर्वी माझी आई द्यायची. ती गेल्यापासून मी देतो. किती नवरे देतात? राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तरी मी एकटाच.

नारळाच्या करवंट्यांचा विस्तव फुलवला, धूपकालात, म्हणजे धूपदाणीत, भरला, वर मूठभर साम्ब्राणी. पूर्वी चिमूटभर टाकत असू. कमलाक्षी आजारी पडल्यापासून मी मात्रा वाढवली आहे. साम्ब्राणीने हवेतले जंतू मरतात. नाकातून आत गेली की फुप्फुसंही धुऊन निघतात. डॉक्टरला हे सांगायची गरज वाटली नाही. धूर म्हणजे चुलीचा. हे तर औषध.

कमलाक्षी हळूच म्हणाली, "आज नोको." मला त्रास नको म्हणून. तिचा स्वभावच तसा. मी दार-खिडक्या लावून घेतल्या, गुण वाया जाऊ नये म्हणून. समोरची भिंत दिसेनाशी झाली.

संध्याकाळी तिला अटॅक आला. खिडकीचे गज धरून बसली, खांदे वरखाली, छातीत शिट्टी. पंप ओढला तरी अर्धा तास तीच गत. म्हणजे पंप कुचकामी. तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीवर फेकला. एका फटक्यात दोन तुकडे. हल्ली मालच तसला येतो.

माणसावर हात उचलला नाही. निश्चय कायम.

२६ ऑक्टोबर

दिव्यश्री कॉलेजातून येताना नवा पंप घेऊन आली. म्हणाली, अप्पा, पुढच्या वेळी भिंतीवर स्वतःचं डोकं आपटा, पंप ठेवा. बापाशी बोलायची ही रीत. मी चप्पल उचलली. मारली नाही. मारली, पण दारावर. दार मध्ये नसतं तर लागली असती, हे मान्य.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

क्लिनिक. आज डॉक्टरने एक नळी आणली होती. जोरात फुंकायचं, काटा वर सरकतो, छातीत किती दम आहे ते कळतं. कमलाक्षीने फुंकलं. काटा जेमतेम हलला. डॉक्टरचा चेहरा उतरला. मी म्हटलं, यंत्रच बिघडलंय. नळी घेतली आणि फुंकली. काटा माझ्या तब्येतीला शोभेल इतका गेला नाही. पुन्हा फुंकली. तिसऱ्या वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि नळी टेबलावर आपटली गेली. फुटली.

डॉक्टर म्हणाला, तुम्ही बाहेर थांबा, मला पेशंटशी एकटं बोलायचंय. मी विचारलं, कुठल्या कायद्याने? त्याने घंटी वाजवली. दोन माणसं आली, मला काखेत धरून बाहेर नेलं. त्यातला एक तोच कंपाउंडर, नव्या बटणाचा. बाहेरून दाराला एकच लाथ घातली. काच फुटली. जुनी असणार.

आत बराच वेळ बोलणं चाललं. तिला इतकं बोलायला दम कुठून आला?

मग डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, घरात कसलाही धूर नको. उदबत्ती नको, साम्ब्राणी तर मुळीच नको. दर शुक्रवारी तुम्ही तिला गुदमरवताय. हेच शब्द. मी आजूबाजूला बघितलं. याच्या क्लिनिकात देवापुढेही इलेक्ट्रिकचा दिवा लुकलुकतो. अशा माणसाकडून काय अपेक्षा करायची?

साम्ब्राणीचं त्याला कोणी सांगितलं कळत नाही. वास येत असेल केसांना.

आज न्हाणं झालं नाही. तिचा दम जरा बरा होता. काल रात्री मी दिलेल्या काढ्याचा गुण.

८ नोव्हेंबर, शुक्रवार. रात्री

ओठ सुजलाय, तरी लिहितो.

मी डॉक्टरचंही ऐकायचं ठरवलं होतं. धूर घरात नको ना? ठीक. धूपकाल खिडकीबाहेर ठेवलं, मागे टेबलफॅन लावला, म्हणजे धूर गाळून, थंड होऊन, मोजकाच आत जाईल. शास्त्रीय पद्धत. कमलाक्षी न्हाऊन आतल्या खोलीत केस सोडून बसली होती. नोको म्हणाली, पण या वेळी जरा मोठ्याने. मी म्हटलं, तू फक्त श्वास घे, बाकी माझ्यावर सोड.

फॅनची दिशा थोडी चुकली. अर्धा धूर शेजारच्या शेषम्माच्या घरात. तिचा जावई मुरली, टॅक्सी चालवतो, तो कुंपणावरून ओरडला. मी शांतपणे उत्तर दिलं. त्याने शांत उत्तर दिलं नाही. मग तो कुंपण ओलांडून आला आणि माझ्या हातात निखाऱ्यांचा चिमटा होता. मी चिमटा चालवला, त्याने ठोसा. माझा ओठ फाटला, त्याच्या कपाळाला खोक पडली. धूपकालाला लाथ बसली, निखारे अंगणभर. मी त्याचा गळा धरला होता, त्याने माझे केस. दोघेही तमिळमधून एकमेकांच्या आया काढत होतो. खरं सांगतो, मजा येत होती. कित्येक वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दिव्यश्री किंचाळली.

कमलाक्षी जमिनीवर. ओठ निळे. छातीत शिट्टीसुद्धा नाही, आवाजच नाही. फॅन चालूच होता.

मी नुसता उभा राहिलो. मुरलीने तिला उचललं. कपाळातून रक्त गळत असताना, ज्याचा गळा मी अर्ध्या मिनिटापूर्वी धरला होता त्याने, तिला टॅक्सीत घातलं. मी पुढे बसलो. त्याने हॉर्नवरचा हात क्लिनिक येईपर्यंत काढला नाही. वाटेत मी एकदा म्हटलं, सुरुवात तुम्ही केलीत. त्याने हॉर्न आणखी जोरात दाबला.

नाकाला ऑक्सिजन, तोंडाला वाफेचा मास्क, हातात सुई. तिने डोळे उघडेपर्यंत मी भिंतीला टेकून उभा होतो. मला फार भीती वाटली. हे इथे लिहून ठेवतो, कुठे बोलणार नाही.

चूक मुरलीची. तो आला नसता तर फॅनकडे माझं लक्ष राहिलं असतं.

१० नोव्हेंबर, दीपावली

ती अजून क्लिनिकातच. तो कंपाउंडर तिला इंजेक्शन देताना काहीतरी बोलला आणि ती हसली. मास्कच्या आतून. मी दारातून बघितलं.

नवा नियम निघालाय. मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात बसायचं, भेटायची वेळ झाली की बोलावतील. हा नियम माझ्या एकट्यासाठी आहे. मी आत जायला निघालो तर वॉचमनने छातीवर हात ठेवला. मी त्याच्या कानाखाली वाजवली. वॉचमन पूर्वी कुस्ती खेळत असे, हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. त्याने मला उचललं आणि पायरीवर आदळलं. डावी बरगडी.

त्यांनीच आत नेऊन एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाला, बरगडीला चीर आहे, फुप्फुसं मात्र उत्तम, एकदम स्वच्छ. मी दारातून कमलाक्षीला ओरडून सांगितलं, माझी फुप्फुसं फर्स्टक्लास आहेत. तिने तोंड भिंतीकडे वळवलं. थकली असेल.

गावभर फटाके. क्लिनिकच्या खिडक्या बंद, फटींना ओली फडकी. हे मात्र चांगलं केलं त्यांनी.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

डिस्चार्ज. घरी आली नाही. तिचे थोरले भाऊ श्रीनिवासराव पापनाशमहून आले होते, तिला घेऊन गेले. ते शाळेत गणित शिकवत, आता रिटायर. म्हणाले, भावोजी, हवापालट. मी परवानगी दिली. गाडी तेव्हा कोपऱ्यावरून वळली होती, पण परवानगी ती परवानगी.

दिव्यश्रीही शनिवार-रविवार तिकडेच राहणार म्हणते. डॉक्टरने म्हणे सांगितलंय, अम्माला घरात आवाज चढलेला चालत नाही. रागाने छाती आवळते. कोणाच्या रागाने ते सांगितलं नाही म्हणे.

संशय शेषम्मावर. ती फार ओरडते.

२४ नोव्हेंबर

रोज एसटीडी बूथवरून पापनाशमला फोन. श्रीनिवासराव उचलतात. कमलाक्षी झोपली आहे. कमलाक्षी न्हायला गेली आहे. काल सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, तिन्ही वेळा न्हायलाच गेली होती. रिसीव्हर आपटला, वरचं झाकण उडालं. बूथवाल्याने मला दंडाला धरून रस्त्यावर आणून सोडलं. त्याला मी मारलं नाही. बरगडी दुखते.

निश्चय मोडलेला नाही, हे लक्षात घ्यायला हवं. मुरलीशी झालं ते स्वसंरक्षण. वॉचमनशी झालं त्यात मार मलाच बसला, तो धरायचा नाही. कंपाउंडर निश्चयाच्या आधीचा.

६ डिसेंबर, शुक्रवार

घरात एकटाच. सवयीने विस्तव फुलवला. न्हायलेलं कोणी नव्हतं. तरी दारं लावून बसलो. थोड्या वेळात मलाच इतका खोकला लागला की बरगडी धरून अंगणात धावलो. करवंट्या ओल्या होत्या.

अंगणात बसून ठरवलं. रविवारी पापनाशम. तिला घेऊन यायचं. लग्नाची बायको आहे, तेवीस वर्षं मी सांभाळली, वरच्या मजल्यापर्यंत पाणीसुद्धा मी नेतो. श्रीनिवासराव आडवे आले तर एक अपवाद करावा लागेल. छत्री नेतो. पाऊस नसला तरी.

८ डिसेंबर, रविवार

पापनाशमला पोचलो. श्रीनिवासरावांची गल्ली, शेवटून दुसरं घर. दार उघडं. आतून कमलाक्षीचा आवाज. भावजय भागीरथीला कसलीशी गोष्ट सांगत होती, लग्नातल्या कुठल्या आचाऱ्याची, सांगता सांगता माडीचा जिना उतरत होती आणि कडेवर वाळवणाचं सूप होतं. एकाही पायरीवर थांबली नाही. गोष्टीतही थांबली नाही. भागीरथी हसत होती, ही त्याहून जास्त.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. रागाने बोलायची चार वाक्यं बसमध्ये पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना. बरी दिसत होती. गालांवर रंग होता. मला इतका आनंद झाला की हातातली छत्री भिंतीला टेकवून ठेवली.

मग तिने मला पाहिलं.

हात छातीवर गेला. सूप खाली. आणि ती शिट्टी सुरू झाली. मी काही बोललो नव्हतो. हात उचलला नव्हता. धूर नव्हता, पंखा नव्हता, मुरली नव्हता. मी नुसता उभा होतो. मदतीला एक पाऊल पुढे टाकलं, शिट्टी वाढली. मागे घेतलं, किंचित कमी झाली. हे मी दोनदा करून बघितलं.

तिने पदरातून पंप काढला, ओढला, डोळे मिटून थांबली, पुन्हा ओढला. किती छान जमतं तिला.

श्रीनिवासराव अगदी मऊ आवाजात म्हणाले, भावोजी, जरा समोरच्या ओट्यावर बसता का? आडवे आले नाहीत. मी समोरच्या ओट्यावर बसलो. शिट्टी तिथपर्यंत ऐकू येत होती. मग हळूहळू थांबली. भागीरथी काहीतरी म्हणाली. कमलाक्षीने विचारलं, "गेले का ते?"

कोणी उत्तर द्यायच्या आत मी उठलो.

परतीच्या बसला गर्दी होती. कंडक्टरने पाठीत हात घालून मला आत लोटलं. मी तिकिटाचे सुटे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले.