निम्म्याने सोडलेली भिंत

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्यात खोकल्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणजे खोकला वाढला असणार. मी डॉक्टरांनाच फोन केला. ओल असलेल्या घरात तुझी छाती बरी व्हायची नाही, असं ते म्हणाले. मी पाठवलेला गवंडीही तेच म्हणतो: मागची, पुढची आणि पश्चिमेची भिंत आतून भिजली आहे, बुरशी धरली आहे, वरून कितीही रंग फासला तरी ती परत वर येणार.

तेव्हा या वेळी माझं ऐक. सप्टेंबरअखेर मी येतो आहे. तोवर भिंती कोरड्या झाल्या नाहीत, तर घराला कुलूप लावायचं आणि तू आमच्याकडे यायचं. तुझ्या वहिनीने खिडकीजवळची खोली रिकामी करून ठेवली आहे. शिवणयंत्राला जागा होणार नाही हे खरं, पण शिवणाचे वर्ग आता किती दिवस रेटणार आहेस?

मला वाईट याचं वाटतं, की मी गेल्या वर्षी सुट्टीत येऊन उन्हात पाठ भाजत भिंतींच्या बुडाची फट बुजवून दिली, कडेने माती भरून तुला फुलझाडांचे वाफे करून दिले, आणि तरी घराने दगा दिलाच. असो. आता बाहेरच्या भिंतीला जलरोधक रंग देऊन पाहू म्हणतो गवंडी.

आणि मुलं मोठी झाली आहेत, आता तरी पाकिटावर निम्म्या लिहू नकोस. पोस्टमन हसतो.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

११ जून

चि. निम्म्यास,
अनेक आशीर्वाद.

पोस्टमनला हसू दे. दूध निम्मं, गणित निम्मं, मोजा एकाच पायात, असा तू लहानपणी घरभर हिंडायचास. नाव काही मी हवेतून आणलं नाही.

खोली रिकामी केलीत, वहिनीचं मन मोठं आहे. पण मला भीती वाटते, ती तुझ्याजवळ सांगते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली दारातूनच हाका मारत येतात, त्यांच्या उसवलेल्या शिवणी आणि घरची भांडणं दोन्ही माझ्यासमोर उलगडतात. तिथे मी खिडकीशी बसून काय करू? तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसेन आणि महिन्याभरात तुम्हाला नकोशी होईन.

एक गोष्ट मात्र मला खटकते आहे. माझं यंत्र आहे ती पूर्वेची खोली ठणठणीत कोरडी आहे. गवंड्याला विचारलं, तर तो म्हणाला की तिकडे पाऊस कमी लागत असेल. पण समोरच्या डोंगराला थडकून वाऱ्याचा सगळा मारा तिकडूनच येतो, खिडकीशी ठेवलेलं कापड भिजतं. घर एक, गिलावा एक, मग तीच भिंत एवढी लाडकी का? तू फट बुजवलीस ती नेमकी कुठे कुठे, ते उलट टपाली कळव. रंगाचं काम मी थांबवलं आहे.

पोरांना पापे. तुझ्यावरचा लोभ तूर्त शाबूत आहे.
ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू हसणार, म्हणून लिहायला हात धजत नव्हता. मी तीनच बाजू बुजवल्या. पूर्वेच्या भिंतीपाशी आलो आणि फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी संपली, मातीही पुरली नाही. दुकान बंद होतं आणि संध्याकाळी माझी गाडी होती. पुढच्या खेपेला करू म्हटलं ते राहूनच गेलं. गवंड्याकडून तेवढी बाजू बुजवून घे, म्हणजे तिकडे तरी ओल शिरणार नाही.

वहिनीला यातलं काही सांगू नकोस.
तुझ्या कृपेवर तगणारा,
धाकटा

२४ जून

चि. निम्म्यास,
अनेक आशीर्वाद.

त्या बाजूला बोट लावशील तर खबरदार!

तुझं पत्र वाचलं आणि तशीच पूर्वेच्या भिंतीपाशी जाऊन उकिडवी बसले. गिलावा जमिनीच्या वीतभर वर संपतो आणि त्याच्या खालच्या काठाला भोकांची पत्र्याची पट्टी आहे. रात्रभर पाऊस झाला होता. त्या भोकांतून पाणी थेंब थेंब बाहेर पडत होतं. मागच्या बाजूला गेले, तर पट्टी दिसेचना. ती तुझ्या सिलिकॉनखाली आणि सिलिकॉन वाफ्याच्या मातीखाली.

आपलं घर विटांचं नाही रे. लाकडी सांगाडा, त्यावर मेणकागदाचं अस्तर, अस्तरावर जाळी आणि गिलावा. गिलाव्यातून थोडं पाणी आत झिरपणारच. ते अस्तरावरून ओघळून तळाच्या भोकांतून निघून जायचं. मी मुलींना रोज कानीकपाळी ओरडते, की पावसाळी कोटाचं अस्तर तळाशी शिवून बंद करू नका, पाणी साठेल. आणि माझ्या सख्ख्या भावाने माझ्याच घराची किनार शिवून टाकली, तीही सुबक टाक्यांनी!

गवंडी आधी ऐकेना. म्हणाला, बाई, फट उघडून ओल कशी जाईल? मी त्याला हाताला धरून पूर्वेची भिंत दाखवली. भोकांतून गळणारं पाणी पाहून तो स्वतःच फावडं घेऊन आला. वाफ्यांची माती काढली, उतार भिंतीपासून बाहेर दिला, काठाने खडी पसरली. सिलिकॉन खरवडताना पहिलं भोक मोकळं झालं आणि तांबूस, कुबट पाण्याची धार लागली. मुली सुया टाकून बघायला धावल्या. मला रडू आलं, लपवत नाही. घराचा श्वास मोकळा झाला असं वाटलं. कोपऱ्यातली एक फळी कुजली होती, ती बदलली. बाकी सांगाडा धड आहे.

फुलझाडं कुंड्यांत गेली. माझ्यासाठी रिकाम्या केलेल्या खोलीत आता बिनधास्त पसारा मांडा. लोभ आहे, पण या पत्रापुरता जरा फुशारलेला आहे.
ताई

८ ऑक्टोबर

चि. निम्म्यास,
अनेक आशीर्वाद.

नीट पोचलास हे कळलं. सप्टेंबरअखेर तू दारातून आत आलास, चपलाही न काढता थेट मागच्या खोलीत गेलास, भिंतीला आधी हात आणि मग गाल लावलास, आणि घराला लावायला आणलेलं कुलूप बॅगेतून काढून बाहेरच्या कुंडीत पुरलंस. माझ्या एवढ्या आयुष्यात तुझं मी इतकं पूर्ण काम पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी काल छाती तपासली आणि पुढच्या वेळी नुसत्या गप्पांना या म्हणाले. वर्गात नव्या मुली आल्या आहेत, म्हणून मागच्या खोलीतही एक यंत्र मांडलं.

ती खोली तू हौसेने रंगवून दिलीस, सगळ्यांनी वाखाणली. आज यंत्रासाठी कपाट सरकवलं, तर मागे हातभर भिंत कोरीच! मी पोट धरधरून हसले. मदतीला आलेला गवंडी रंगाचा डबा घेऊन धावला, त्याला मी अडवलं. तेवढी जागा तशीच राहील. या घराला तुझं अर्धवट काम फार मानवतं.

माया आहेच, ती कधी निम्मी नव्हती.
तुझी ताई