अँटनच्या रायफलचा चाप

मी, फिलोमिना पेत्रिच, माहेरची केओ, राहणार अनाकोंडा, मोंटाना, कोणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीचं माझं मृत्युपत्र यापुढे रद्द समजावं.

१. राहतं घर माझी मुलगी ऊना हिला द्यावं. मागच्या दारची लायलॅक तिने तोडू नये. तोडायचीच झाली तर फुलं येऊन गेल्यावर तोडावी.

२. बँकेतली शिल्लक ऊना आणि मुलगा मार्को यांनी निम्मी निम्मी घ्यावी, पण आधी माझ्या अंत्यविधीचा खर्च काढून. चर्चमध्ये गिटार नको. ऑर्गन वाजवणारं कोणी मिळालं नाही तर शांतता चालेल. शाळेतल्या नन सिस्टरांनी आम्हाला शांत बसायलाच जास्त शिकवलं होतं.

३. माझे पती कै. अँटन यांनी गॅरेजमध्ये स्वतः जुळवलेली रायफल आणि तिची सर्व अवजारं मार्कोला द्यावीत. या कलमाचं कारण लिहिणं मला भाग आहे.

ती रायफल अँटनने एकेक भाग बाहेरून मागवून उभी केली. नळी एकीकडची, अक्रोडाचा दस्ता दुसरीकडचा. त्याचा नियम एकच होता: एका वेळी एकच भाग बदलायचा, मग वाळूच्या पिशवीवर टेकवून कागदावर गोळ्या मारायच्या. भोकं जवळ आली तर भाग ठेवायचा, नाहीतर विकून टाकायचा.

मार्कोने वाढदिवसाला त्याला नवा, हलका चाप आणून दिला. बापलेकांनी तो मिळून बसवला. रिकामी रायफल झाडायच्या तयारीत ताणून, सुरक्षेचा खटका काढून, दस्ता स्वयंपाकघरातल्या गालिच्यावर आपटला. आत ‘टक्’ झालं असतं, म्हणजे न ओढताच सुटला असता, तर चाप नापास. आवाज आला नाही.

पुढच्या शनिवारी डोंगरात कडाक्याची थंडी होती. अँटनने गोळी भरून नुसता बोल्ट, म्हणजे मागची खीळ, बंद केला आणि गोळी सुटली. बोट चापावर नव्हतं. गोळी पिकअपच्या दारातून आरपार गेली. पलीकडे मार्को बुटाची नाडी बांधायला वाकला होता, म्हणून तो आज आहे.

त्या रात्री जेवताना दीर जोझो म्हणाला, “काय रे मार्को, चाप आणलास की शिंकणारी मांजर?”

“ताता, मी तो नीट तपासला होता,” मार्को बापाला म्हणाला.

“तुझा भाग माझ्या रायफलला नको, पोरा,” अँटन म्हणाला.

मार्को ताटावरून उठला. तो स्पोकेन शहरात राहायला गेला आणि या टेबलावर पुन्हा जेवला नाही.

अँटनने जुना चाप परत बसवला. मग एका जानेवारीत तोही तसाच दगा देऊ लागला. अँटन दिवसभर गॅरेजमध्ये होता. आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“फिलो, दोष तेलाचा. मार्कोचा चाप बसवला त्याच आठवड्यात मी तेलही बदललं होतं. थंडीत ते गोठतं आणि चाप अडकतो. मी दोन गोष्टी एकदम बदलल्या गं.”

“मग कर की त्याला फोन!”

“फोनवर नको. ईस्टरला बोलावू. समोर बसवून सांगेन.”

ईस्टरच्या आधीच अँटन गेला. दफनाच्या दिवशी मी मार्कोला सारं सांगितलं. तो म्हणाला, “मॉम, मला बरं वाटावं म्हणून सांगतेस तू.” माझ्या शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही, पण रायफल कोणाची भीड ठेवत नाही. म्हणून पुढचं कलम.

४. मार्कोने आपला चाप धुवून, तेलाचा थेंबही न लावता रायफलमध्ये बसवावा. तो कॉफीच्या डब्यात जपून ठेवला आहे. रायफल रिकामी आहे हे ऊनाने आणि त्याने, दोघांनी पाहावं. मग ती रात्रभर बाहेर ओसरीवर ठेवावी. मी उन्हाळ्यात गेले तर तळघरातल्या मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवावी. मी मापून पाहिलं आहे, हरणाचं मांस बाजूला सारलं की मावते. सकाळी सर्वांदेखत, त्याच गालिच्यावर, मार्कोने दस्ता आपटावा. ‘टक्’ झालं, तर मी चुकले. चाप ओढ्यात टाकावा.

५. आवाज आला नाही, तर जोझोने त्याच टेबलाशी उभं राहून, “चाप चांगला होता, मार्को,” असं मोठ्याने म्हणावं. म्हटलं तर माझं बर्फ सारायचं यंत्र त्याचं. तसंही ते कित्येक हिवाळे त्याच्याच अंगणात आहे. म्हटलं नाही, तर ऊनाने ते ओढून आणावं.

वकीलबाई विचारतात, याची कायद्याला गरज आहे का. कायद्याला नसेल.

६. फ्रीजरमध्ये उजवीकडे अक्रोडाची पोवितिचा, सारण भरलेली गोड पावाची गुंडाळी, फडक्यात बांधून ठेवली आहे. मार्कोला कडेचा तुकडा लागतो. रायफल थंडीत ठेवाल त्याच रात्री ती बाहेर काढा, म्हणजे सकाळपर्यंत मऊ होईल.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला असून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही: फिलोमिना केओ पेत्रिच

साक्षीदार: लोरेटा स्वोबोदा, शेजारीण
साक्षीदार: डेल्फिन ओ’शे, निवृत्त शिक्षिका

अनाकोंडा, २ फेब्रुवारी २०२३