टेपवरचा रविवार

२ जुलै, बुधवार
केंद्राला पंचवीस वर्षं झाली म्हणे! साहेबांनी सकाळीच फर्मान सोडलं – आपल्या रेडिओच्या इतिहासावर तासाभराचा कार्यक्रम, आणि तो मीच करायचा. "तुमच्याइतकं जुनं इथे आहेच काय? तुम्ही आणि तो जिना." सगळे हसले. मीही हसले.

३ जुलै
टेपांची खोली उघडली. शिंकून शिंकून जीव गेला. पहिल्या वर्षाच्या बातम्या, बाजारभाव, निधनवार्ता. लोक सगळ्यात कान देऊन ऐकतात त्या निधनवार्ताच, असं पहिले साहेब म्हणायचे. आजही खरं आहे. मग माझा रविवारचा 'बोला, मी ऐकतेय' – श्रोत्यांनी फोन करायचा, मी बोलायचं. आवाज किती कोवळा होता माझा! आणि किती आगाऊ.

तात्या दारात येऊन उभे राहिले. तंत्रज्ञ म्हणून माझ्याआधी वर्षभर लागलेले.
"पुराच्या टेपा राहू द्या तेवढ्या."
मी पुढचा खोका उघडला.

५ जुलै
साहेबांना नेमका पूरच हवा. "अहो ताई, तोच तर आपला मानाचा तुरा! पूल वाहून गेला त्या सकाळी तुम्ही माइकवर होतात!" त्यांच्या मागे भिंतीवर सन्मानपत्र. त्यावर माझं नाव.

इथे तरी खरं लिहिते. त्या रविवारी सकाळी मी माइकवर नव्हतेच. मोठ्या शहरातल्या केंद्रात नोकरीच्या मुलाखतीला गेले होते – चोरून, आईलाही न सांगता. कार्यक्रम शनिवारी दुपारीच रेकॉर्ड केला. ओळखीच्या तिघांना फोन लावून बोलतं केलं. सुरुवातीला नेहमीसारखी रस्त्यांची खबर: पूल मोकळा आहे, निर्धास्त जा. आठ वाजता तात्यांनी टेप लावली आणि फोन काढून ठेवला. टेप चालू असताना कुणाचा फोन आला तर पंचाईत, म्हणून आम्ही नेहमीच काढून ठेवायचो. त्या सकाळी पुलावरचा पहारेकरी अर्धा तास फोन लावत होता. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. साडेआठला दूधवाला टेम्पो घेऊन पुलावर चढला. पूल त्याच्यासकट गेला.

दुपारी मी परतले आणि तीन दिवस माइक सोडला नाही. लोकांनी डोक्यावर घेतलं. नोंदवहीत त्या रविवारपुढे 'थेट प्रसारण' असं आहे. अक्षर माझंच, सोमवारी लिहिलेलं. अठरा वर्षं झाली. ती नोकरीही मिळाली नाही!

८ जुलै
साहेबांना सांगून टाकलं. आधी दार लावलं त्यांनी. मग म्हणाले, "परवान्याचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आलंय. चौदा माणसांची पोटं आहेत इथे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

तात्यांना गाठलं. ते वायर गुंडाळत होते, गुंडाळतच राहिले. "मीही होतोच की त्यात. पण माझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत हो." राग आला. त्यांचा नाही, माझाच. त्यांना निदान कुणी सन्मानपत्र दिलं नव्हतं.

दूधवाल्याची बायको अजून त्याच गल्लीत राहते. बाजारात दिसली की मी रस्ता बदलते. एकदा तर भाजी न घेताच परतले होते!

९ जुलै
नाही जमणार माझ्याच्याने.

१३ जुलै, रविवार
बोलले! थेट. साहेबांनी तपासून दिलेला कागद पालथा घातला आणि सगळं सांगितलं – मुलाखत, टेप, काढून ठेवलेला फोन, नोंदवही. तात्यांचं नाव घेतलं नाही. साहेब काचेपलीकडून दोन्ही हात हलवत होते. तात्यांचा हात बटणावर गेला... आणि त्यांनी तो मागे घेतला. मी शेवटपर्यंत बोलत राहिले.

नंतर फोन खणाणत होते. एक बाई नुसती रडली. एकजण म्हणाला, "त्या माणसाच्या मड्यावर मान मिळवलात तुम्ही." खरंच आहे. साहेबांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. माझा चहाचा मग मात्र टेबलावरच राहिला.

१४ जुलै
दुपारी दूधवाल्याची बायको घरी आली. पाण्याला नको म्हणाली. मी हात जोडले तर तिने ते धरून खाली केले.

"तुम्ही थेट असलात की दर फोननंतर किती वाजले ते सांगता. त्या दिवशी एकदाही नाही सांगितलंत. मी तेव्हाच ओळखलं, टेप आहे. नदीचं पाणी आमच्या अंगणाला लागलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी मला लेकरांदेखत मारलं होतं. टेम्पो चालू करून विचारलं, रेडिओवर पूल मोकळा म्हणतायत, जाऊ ना? मी म्हटलं, जा."