यमुनाआजीची पळी

१४ जुलै, सोमवार
वृद्धाश्रमात पुरुषांच्या खोलीत तिघांना जुलाब. मारुतीबाबांची चादर किती वेळा बदलली, मोजणं सोडलं. रो.ने (रोहिणी सिस्टर. कुणी वाचलंच तर वाचो.) तिघांना मागच्या खोलीत हलवलं. टॉवेल, भांडी, बादली, सगळं वेगळं. मला म्हणाली, "दादा, एकाचं झालं की हातमोजे काढायचे, साबणाने हात धुवायचे, मगच दुसरा." दादा! अख्ख्या वारूळवाडीत दुसरा शब्द नाही?
वडिलांचा फोन. "कॉलेज सोडून म्हाताऱ्यांची धुणी धुतोय!" कट केला.

१५ जुलै
बायकांच्या खोलीतही दोघी आजारी पडल्या. पाणी उकळलेलं, स्वयंपाकघर स्वच्छ. मग येतं कुठून?
सकाळी रो. दारात नुसती बघत उभी. बायकांच्या खोलीतली यमुनाआजी रोजच्यासारखी खाटेखाटेपाशी. ओझरहून आणलेला पितळी गणपती धुऊन त्याचं तीर्थ सगळ्यांना देते. इथे हात थरथरतात, म्हणून तळहातावर नाही, पळी सरळ तोंडात. तीच पळी परत भांड्यात. मग पुढचं तोंड. आणि भांडं धरून मागे फिरणारा मीच. कधी डोक्यात आलं नाही.
रो. हळूच म्हणाली, "हे थांबवायला हवं. पण..."
पुढचं ऐकलंच नाही. जाऊन पळी हिसकावली. "बास आजी! माणसं मारशील!" सगळ्यांसमोर.
आजी एवढंच म्हणाली, "माझा देव रोग देतो व्हय रं?"
रो.ने दादासुद्धा म्हटलं नाही.

१६ जुलै
आजी कालपासून जेवली नाही. पाणीही नाही. दुपारी तिलाही जुलाब लागले. मागच्या खोलीत, एकटी. रो. मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला घेऊन बसली, तर भिंतीकडे तोंड. "माझ्या हातचं कुणाला नगं, मला बी कुणाचं नगं." जीभ कोरडी, डोळे खोल. आळेफाट्याचे डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर सलाईन. शीर मिळेल का, खात्री नाही.
कपाटापाशी रो. : "पण तिलाच विचारून मार्ग काढू, असं म्हणत होते मी काल. तुला दम नाय ना."
"चिडलो होतो."
"आजीवर?"
टॉवेलांच्या घड्या घालू लागलो. तुझ्यासमोर हुशारी दाखवायची होती, हे कसं सांगू?

१७ जुलै
पळी उकळली. हात धुतले. आजीच्या पायाशी बसलो.
"आजी, चुकलं. ही पळी आता तुझ्या एकटीची. तू बरी होईस्तोवर गणपती मी धुतो, उकळलेल्या पाण्याने. ज्याचा चमचा त्यालाच, आणि वरून ओतायचं. चालंल का?"
 मग भिंतीकडूनच, "हात दाव."
दाखवले. तिने नाकाशी धरून हुंगले. "वासाचा साबण! देवासाठी का त्या पोरीसाठी रं?"
रो. दारातच. माझे कान तापले. रो. चक्क हसली. लगेच गंभीर. "दे आता मीठ-साखरेचं पाणी, थोडं थोडं."
दोन पळ्या पोटात राहिल्या. तिसरी ओकली, माझ्या हातावरच. रो.ने नाडी धरली.  मी विचारलं, सलाईन?
"डॉक्टर निघालेत. तोवर थांबून थांबून देत राहू. जा, हात धुऊन ये."
नळ सोडला, साबण चोळतोय, तेवढ्यात आतून आजीचा बारीक आवाज, "नखं बी घास रं."
घासतोय.